सातव्या प्रकरणातलं अक्षर

शनिवार, ९

मी एक गोष्ट केलीये जी करायला नको होती. ताईच्या वहीत लिहिलंय. तेही माझ्या अक्षरात नाही, सिस्टरच्या.

वही कोणती ते सांगतो, नाहीतर दहा वर्षांनी हे मीच वाचीन आणि मलाच कळायचं नाही. आमचं लाँड्रीचं दुकान. ताई चालवते, मी कपड्यांना नंबर टाकतो, टॅग स्टेपल करतो. नंबर टाकायची जांभळी शाई एकदा अंगठ्याला लागली की चार दिवस जात नाही. दर रविवारी दुपारी शटर अर्धं खाली करून मागच्या खोलीत, चादरींच्या मोठ्या टेबलाभोवती आम्ही एक खेळ खेळतो. प्रत्येकाने कोणीतरी व्हायचं. मी गवई. लिफ्ट दुरुस्त करणारे काका योद्धा. पोस्टमनदादा चोर, आणि त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, जादूगारीण. ताई सूत्रधार. राक्षस, राजे, दऱ्या, पूल, सगळं तिच्या तोंडून निघतं. आपण काय करणार ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, छोटा आला तर बसा बोंबलत.

हा खेळ विकत आणलेला नाही. ताईने आणि सिस्टरने मिळून सहा वर्षं घालून बनवलाय. सिस्टर म्हणजे ताईची पहिलीपासूनची मैत्रीण, हॉस्पिटलात नर्स. अर्धे नियम ताईच्या निळ्या शाईत, अर्धे सिस्टरच्या हिरव्या. माझं डोकं शाळेत कधी चाललं नाही, पण त्या वहीतला एकूण एक नियम मला पाठ आहे. जखम किती दिवसांत भरते, पावसात धनुष्य किती लांब जातं, घोडा कधी अडतो. दोघींनी सगळ्याचा विचार केलाय. मला वाटतं, देवानेसुद्धा एवढा केला नसेल.

फक्त सातवं प्रकरण कोरं. गवई पाचसहा जणांचा ताफा घेऊन कार्यक्रम करतो, त्याचे नियम. ताईचा तोंडी नियम होता, सगळ्यांनी फासे टाकायचे आणि एकाचा जरी पाचच्या खाली गेला तर गाणं कोसळलं. पाच महिन्यांपूर्वी आम्ही राणीच्या दरबारात पोचलो, चार रविवार घालून. मी गाणं धरलं आणि काकांना दोन पडला. काकांना कायम एक नाहीतर दोनच पडतो, फाश्याचं काय वाकडं केलंय त्यांनी देव जाणे. गाणं कोसळलं, आम्ही सगळे तुरुंगात. काका शटरपर्यंत "माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं" करत गेले.

सिस्टर म्हणाली, "असा नियम असेल तर कच्च्या माणसाला कोणी बरोबर घेणारच नाही."

ताई म्हणाली, "गाणं कच्च्यामुळेच बिघडतं. मी काय खोटं सांगतेय?"

"तू कधी सगळ्यात खाली राहिली नाहीस म्हणून तुला असे नियम सुचतात."

"मग तूच लिही सातवं."

सिस्टरने हिरव्या पेनने मथळा लिहिला, 'ताफा', पेन तिथेच टाकलं, वहीच्या कपाटाची तिच्याकडची किल्ली काढून टेबलावर आपटली आणि गेली. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. एकीने फोन केला की दुसरी ऐकून न घेता ठेवते. ती किल्ली आमच्या फ्रिजशेजारच्या खिळ्याला लटकतेय. ताईची स्वतःची तिच्या गळ्यात असते.

गेल्या रविवारी पोस्टमनदादा म्हणाला, "सिस्टरने पत्ता बदलायचा फॉर्म भरलाय. पंचवीस तारखेपासून तिचं टपाल दुसऱ्या गावी पाठवायचं. तिकडे नोकरी लागली." ताई म्हणाली, "बरं." आणि एकच शर्ट तीनदा इस्त्री केला.

तर आज मी खिळ्यावरची किल्ली घेतली, कपाट उघडलं, हिरवं पेन घेतलं आणि सातवं प्रकरण लिहून टाकलं. सिस्टरचं अक्षर मला येतं. शाळेत असताना तिच्या नावाच्या आजारपणाच्या किती चिठ्ठ्या मी दिल्या असतील. एकदा तिने पकडलं होतं, तेव्हा म्हणाली, "रोग तरी बरा निवडत जा."

मी लिहिलं ते असं. पुढारी गवयाने फासा टाकायचा नाही. बाकीच्यांनी एकदम टाकायचा. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याने सुरुवात करायची. खेळातल्या योद्ध्याने नाही, टेबलाशी बसलेल्या माणसाने, खरोखर. तोंडाने, हाताने, वाटेल तसं. बाकी सगळ्यांनी त्याच्या मागून जायचं, पुढाऱ्यानेही. जे शेवटपर्यंत टिकतील त्यांचे आकडे मिळवायचे. हसेल त्याचा आकडा शून्य.

मला काकांचं तोंड बघायचंय, बाकी काही नाही. आठवड्यात चार शब्द बोलणारा माणूस. त्याला गायला लावलं तर काय मजा येईल. सिस्टरच्या अक्षरात अशासाठी, की माझ्या अक्षरात असतं तर ताईने पान फाडलं असतं. बस. दुसरा कुठलाही हेतू नव्हता.

रविवार, १०

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

ताईने वही उघडली, पानं उलटता उलटता थांबली. वाचलं. परत वाचलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि मग तिने तो हात काही उचलला नाही. पानही एकाच हाताने धरून वाचून दाखवलं.

वहिनी म्हणाली, "अगंबाई, सिस्टर येऊन गेली की काय?"

ताई म्हणाली, "हिरवी शाई आहे." कपाट कसं उघडलं, कधी उघडलं, काही विचारलं नाही. हुशार माणसं नेमकी अशाच ठिकाणी फसतात.

पोस्टमनदादा म्हणाला, "म्हणजे आपण खरोखर गायचं? मला बाथरूममध्येसुद्धा मनाई आहे."

"लिहिलंय तसं खेळायचं," ताई म्हणाली. "पुलावर दगडी राखणदार उभा आहे. शंभर वर्षं झोपला नाही. त्याला झोपवलं तरच पलीकडे जाता येईल. तीस लागतील. गवई, ताफा धर."

फासे पडले. दादाला चौदा, वहिनीला नऊ, काकांना एक. अर्थात एक. मी आतून गाल चावून ठेवला.

काकांनी फासा बाजूला सरकवला. मग डोळे मिटले. मला वाटलं, आता उठून जाणार. पण त्यांनी बोटाचं पेर टेबलावर वाजवलं. टक्. जिभेने कट्. घशातून बारीक घरघर सुरू केली, आणि दर चौथ्या घरघरीला परत टक्.

"जुनी लिफ्ट," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच. "दर मजल्याला अशी वाजते. आत चारजण असले की जरा जड वाजते." आणि खरंच, ती घरघर जड झाली. "आता कोणीतरी उतरलं." हलकी झाली.

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. एवढी वर्षं हा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून हे सगळं ऐकत होता आणि आम्हाला वाटायचं याला बोलता येत नाही. पोस्टमनदादाने हाताची मूठ करून शिक्का मारल्यासारखी टेबलावर ठोकायला सुरुवात केली. एक शाईवर, एक पाकिटावर. वहिनी कचेरीत टायपिंग करते, तिची दहा बोटं लाकडावर सुटली. आणि मी, पुढारी, शहाणा, मला काय करावं सुचेना. नियम माझाच, की मागून जायचं. मग मी काकांच्या मागून गेलो. एवढंच केलं. तोंडाने फक्त मजल्याचा तो टक् धरून ठेवला. कोणाला गाणं म्हणायचं तर म्हणा, पण ते सगळं एकत्र चालत होतं. खाली-वर, खाली-वर, आणि मधे शिक्का.

दादाचे चौदा, वहिनीचे नऊ, काकांचा एक. चोवीस. सहा कमी.

तेव्हा ताईने वाफेची इस्त्री उचलली. फुस्स. दोन टक् सोडून परत फुस्स. आणि दुसऱ्या हाताने, जो इतका वेळ पानावर होता, फासा टाकला. सूत्रधाराने फासा टाकल्याचं सहा वर्षांत मी पाहिलेलं नाही. सात पडला.

"एकतीस," ताई म्हणाली. "राखणदार झोपला."

काकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे," ताई म्हणाली.

मला काकांचं तोंड बघायचं होतं ना, ते बघितलं. ते कसं झालं होतं ते मी लिहिणार नाही.

मंगळवार, १२

मेलो. ताईने सिस्टरला पत्र लिहिलंय.

सकाळी पोस्टमनदादा टपाल द्यायला आला तर ताईने पाकीट त्याच्याच हातात दिलं. मी मागोमाग चौकापर्यंत पळालो.

"दादा, ते पाकीट मला दे. पत्ता चुकलाय."

"पत्ता बरोबर आहे. मीच तिथे रोज जातो."

"मग दोन आठवडे उशिरा दे. पंचवीसनंतर."

"टपालाला हात लावायचा नाही, टग्या. खेळात मी चोर आहे, इथे नाही." मग पिशवी बंद करून म्हणाला, "एवढा घाबरतोस कशाला? तू काय लिहिलंयस त्यात?"

"मी कुठे काय लिहिलंय. मी कशाला लिहू."

"नाही, मी आपलं विचारलं," म्हणाला आणि शिट्टी मारत गेला. माझ्या टक्चीच शिट्टी होती.

आता असं होणार. ताईने लिहिलं असणार, तुझा नियम वाचला, फार चांगला आहे, रविवारी ये. सिस्टर म्हणणार, कसला नियम? मी तर काही लिहिलंच नाही. मग ताईला वाटणार, सिस्टरने माझी थट्टा केली. सिस्टरला वाटणार, ताई माझी थट्टा करतेय. नुसतं अबोल्यात होत्या ते बरं होतं. आता पंचवीसला शिव्या देत निरोप घेतील, आणि ते माझ्यामुळे.

काकांना दर रविवारी कसं वाटत असेल ते आज कळलं.

गुरुवार, १४

हॉस्पिटलात जाऊन आलो.

सिस्टर पट्ट्या गुंडाळत होती. मला बघून म्हणाली, "कुठे कापून घेतलंस?" मी म्हटलं, कुठे नाही. "मग हे टोक धर आणि ताणून उभा राहा." आणि गुंडाळत राहिली. पट्टी धरून उभ्या माणसाला पळता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

मी सगळं सांगितलं. किल्ली, हिरवं पेन, काका, लिफ्ट, एकतीस. म्हटलं, हवं तर मला मार, पण रविवारी येऊन 'मी लिहिलं नाही' म्हणू नकोस.

तिने जरासुद्धा नवल दाखवलं नाही. रोज रक्त बघून माणसं अशी निगरगट्ट होत असावीत. नुसतं विचारलं, "काका म्हणाले, 'माझ्यामुळे?' तेव्हा ती काय म्हणाली?"

"तुमच्यामुळे."

"लगेच म्हणाली की थांबून?"

"लगेच."

"आणि फासा तिने आपणहून टाकला?"

"हो. सात."

"नियम मोडून?"

"तुझ्या नियमात सूत्रधाराबद्दल काही लिहिलेलंच नाही. म्हणजे माझ्या."

तिने एप्रनच्या खिशातून ताईचं पत्र काढलं, एकदा वाचलं आणि परत ठेवलं. मला दाखवलं नाही. मग माझा हात उलटा करून अंगठा बघितला. "शाई अजून गेली नाही," म्हणाली.

"नाही ना जात. सांगतोय काय मी, आणि तू बघतेस काय."

"जा आता. राउंड आहे." दारापर्यंत गेलो तर मागून म्हणाली, "टग्या, नियम कसा सुचला?"

मी म्हटलं, गंमत.

"हं," म्हणाली. येणार की नाही, ते काही सांगितलं नाही.

रविवार, १७

आली नाही.

ताईने सहावी खुर्ची आधीच लावून ठेवली होती. चार वाजेपर्यंत कोणी त्यावर साधी पिशवीसुद्धा ठेवली नाही. खेळलो, पण कोणाचंच लक्ष नव्हतं. मी गाणं धरलंच नाही. काका मला म्हणाले, "पुढच्या वेळी मोठ्या इमारतीची लिफ्ट करून दाखवतो." ते आज नवा कोरा शर्ट घालून आले होते.

खेळ संपल्यावर ताई म्हणाली, "ड्युटी असेल." अजून एकच रविवार आहे.

बुधवार, २०

आज ताईला सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. ती चादरींच्या घड्या घालत होती, मी दुसरी टोकं धरली. चादरीची घडी दोघांना घालावी लागते, त्यात एकदा लांब जायचं, एकदा जवळ यायचं. जवळ आलं की बोलीन असं ठरवलं. आठ चादरी झाल्या.

नवव्या चादरीला तीच म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?"

"नाही."

"बरं. मलाही काही विचारायचं नाहीये."

वाचलो. पण ताईबद्दल एक लिहून ठेवतो. ती चुकली होती, आणि पानभर हिरव्या शाईने तिला ती चूक दाखवली, तर तिने ती चारजणांसमोर मोठ्याने वाचली आणि लगेच खेळून बघितली. मी असतो तर म्हटलं असतं, शाई वाळली नाही, नंतर बघू.

रविवार, २४

शटरखालून आधी बॅग आली, मग सिस्टर.

"उद्या सकाळची गाडी आहे," म्हणाली आणि सहाव्या खुर्चीवर बसली. पाच महिने जणू ती आतल्या खोलीत कपडे बदलायला गेली होती. वहिनीने पाणी दिलं.

ताईने वही तिच्यापुढे सरकवली. "सातवं प्रकरण. छान लिहिलंयस."

मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो.

सिस्टरने पान बघितलं. अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत. "हो. घाईत लिहिलं होतं."

"अक्षर जरा वाकडं आलंय तुझं."

"हात भरून आला होता."

"होतं असं," ताई म्हणाली. "नियम मात्र तुझाच. वाचल्याबरोबर ओळखला."

दोघींचे चेहरे असे, की जणू बँकेत उभ्या आहेत. मी मनातल्या मनात सिस्टरच्या पाया पडलो. माझ्यासाठी बाई सरळ खोटं बोलली, आणि ताईच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"एक ओळ राहिलीये," सिस्टर म्हणाली. हिरवं पेन घेतलं आणि माझ्या ओळींखाली लिहिलं, 'पुढाऱ्याचं काम एवढंच. कोणी मागे पडत असेल तर सगळ्यांना हळू करायचं.'

ताईने ते वाचलं. इस्त्रीचं बटण बंद केलं. परत चालू केलं. मग म्हणाली, "आज सूत्रधार तू हो. मी गवई होते. टग्या, तू फासा घे."

सिस्टरने बर्फाचा एक तलाव सांगितला. पलीकडच्या काठावर आमच्यातलाच एकजण अडकलाय, धुक्यात वाट दिसत नाही, आवाज ऐकून ऐकून त्याने इकडे यायचं. चाळीस लागतील. आम्ही फासे टाकले. वहिनीला बारा, दादाला अकरा, काकांना अठरा. अठरा बघून काकांनी फासा उचलून दुसऱ्या बाजूने तपासला.

मला एक.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फक्त दुसऱ्यांची फजिती बघायला बसायचो, माझी बघायला एवढे लोक कधी बसले नव्हते. काका हळूच म्हणाले, "घाई नाही. दार बंद होऊ दे आधी."

खिशात स्टेपलर होता. तो काढला. खट्. खट्. खट्-खट्. रोजचं, टॅग मारायचं. लोक मागून आले, दादाचा शिक्का, वहिनीची बोटं, काकांची नवी मोठी लिफ्ट. ते एवढ्या जोरात आले की मीच मागे पडलो. खट् चुकला. परत चुकला. हात थांबणार होता.

तेवढ्यात ताईने इस्त्री उचलली आणि फुस्स लांबवली. लांब, मग अजून लांब. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि सगळेच हळू झाले. इतके हळू, की मला माझी जागा सापडली.

एक, बारा, अकरा, अठरा. बेचाळीस.

"आला," सिस्टर म्हणाली. "पोचला तो." तिचे डोळे पुसून होईपर्यंत ताई चादरीकडे बघत होती, आणि ताईचे पुसून होईपर्यंत सिस्टर बॅगेकडे.

निघताना ताईने खिळ्यावरची किल्ली आणून तिच्या हातात दिली. दुसऱ्या गावाहून ही कपाट उघडायला येणार कशी, ते मला कळलं नाही. पण सिस्टरने ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. मग माझा कान धरून म्हणाली, "रोग बरा निवडलास या वेळी."

मंगळवार, २६

ताईने आज सिस्टरशी फोनवर पाऊण तास नुसत्या आठव्या प्रकरणावर वाद घातला. ग्राहक उभे. मी म्हटलं, मालकीणबाई दरबारात आहेत.

दोन गोष्टी घडल्यात, त्या इथे सोडून कुठे बोलणार.

पहिली, सातव्या प्रकरणाचं पान आज मी नीट बघितलं. त्याचा खालचा कोपरा कात्रीने कापलाय, अंगठ्याएवढा. ताईला विचारलं तर म्हणाली, उंदराने खाल्ला. उंदीर एवढं सरळ खातो हे मला माहीत नव्हतं.

दुसरी, ताई फार विसराळू होत चाललीये. तिची गळ्यातली किल्ली आता तिनेच खिळ्याला अडकवून ठेवलीये, माझा हात पोचेल तिथे. वहीत आठव्या प्रकरणाला मथळा आहे, 'वाद्य हरवलेल्या गवयाने काय करावं', आणि खाली पान कोरं. पेन्सिलने ओळी आखलेल्या, म्हणजे लिहिणाऱ्याचं वाकडं जाऊ नये. आणि सिस्टरचं हिरवं पेन त्याच पानात विसरलंय. वर सकाळपासून तीनदा सांगितलं, "त्या पानाला कोणी हात लावायचा नाही हं." दुकानात मी सोडून कोणीच नव्हतं.

मला सुचलंय काय लिहायचं ते. उद्या ती धुण्याचा साबण आणायला गेली की लिहिणार. या वेळी अंगठा आधी धुऊन घेईन.

ही वही कोणाच्या हाती लागलीच तर, हात जोडतो, ताईला सांगू नका. सातवं प्रकरण सिस्टरने लिहिलंय असंच तिला वाटू दे. बिचारीला काहीच माहीत नाही.